लिबरऑफिसच्या टीममध्ये यायचंय? कोडिंग येत नसलं तरी इथून सुरू करा

"ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय, पण कुठून सुरू करू?" असं मला बरेच जण विचारतात (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर), आणि विचारणाऱ्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, की आधी सी प्लस प्लस शिकायचं, मग गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायचं, मग कधीतरी एक मोठं फीचर लिहायचं आणि मग आपण आत. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो, दिवसभर पत्रं, तक्ते आणि नोटिसा टाइप करणं हे माझं काम, प्रोग्रामिंगचं शिक्षण शून्य, आणि तरी आज मी एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये मनापासून काम करतो. म्हणून हे सगळं नीट, पायरीपायरीनं लिहितोय. उदाहरण एकच घेतो, लिबरऑफिसचं, म्हणजे पत्रं, तक्ते करायच्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचं, कारण तेच मला आतून माहिती आहे आणि मराठी माणसाला तिथं करण्यासारखं खरंच खूप काही आहे.

थोडा इतिहास आधी, कारण त्याशिवाय पुढचं सभासदत्वाचं प्रकरण कळणार नाही. १९८५ मध्ये जर्मनीत स्टार डिव्हिजन नावाची कंपनी सुरू झाली, तिचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये ती सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतली, २००० मध्ये तोच कोड ओपनऑफिस म्हणून सगळ्यांना खुला झाला, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. तेव्हा काम करणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटलं की आता हे एका कंपनीच्या मर्जीवर ठेवायचं नाही, म्हणून २८ सप्टेंबर २०१० ला त्यांनी वेगळी चूल मांडली, तेच लिबरऑफिस. मागे उभी असलेली संस्था म्हणजे द डॉक्युमेंट फाउंडेशन, २०१२ मध्ये बर्लिनला रजिस्टर झाली. तिच्या नियमातच लिहिलंय की संचालक मंडळावर एकाच कंपनीची माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत. आणि हे मंडळ निवडतं कोण? तर काम करणारे सभासद. सभासद व्हायला पैसे लागत नाहीत, डिग्री लागत नाही, किमान तीन महिने काम केलेलं दाखवायचं आणि पुढचे किमान सहा महिने करणार असं सांगायचं, बस. भाषांतर, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, डिझाइन, लोकांच्या अडचणी सोडवणं, सगळं कामच धरलं जातं.

पहिल्यांदा मशीन तयार करा

तुमच्याकडे रोजच्या कामाचं लिबरऑफिस असेलच, नसेल तर टाका. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या जोडीला डेली बिल्ड उतरवून घ्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं आज-कालचं ताजं, कच्चं रूप. ते लिबरऑफिसडेव्ह या वेगळ्या नावानं बसतं, त्याच्या सेटिंग वेगळ्या राहतात, त्यामुळे तुमच्या ऑफिसच्या कामाला धक्का लागत नाही. फक्त महत्त्वाच्या फाइली त्यात उघडायच्या झाल्या तर कॉपी करूनच उघडा.

मग बगझिलावर खातं काढा, म्हणजे जिथं सगळे बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, नोंदवले जातात तिथं. ईमेल शक्यतो या सगळ्या कामासाठी एक वेगळा ठेवून तोच वापरा, कारण लॉगिन केलेल्या इतरांना तो दिसतो.

पहिलं काम: दुसऱ्याचा बग तपासणे

हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. नवीन माणूस येतो तो स्वतःचा बग नोंदवायला नाहीतर थेट कोड लिहायला. पण खरी टंचाई आहे ती तपासणाऱ्यांची. कुणीतरी कुठूनतरी लिहिलेलं असतं की माझ्याकडे असं असं होतंय, आणि तो रिपोर्ट 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडून असतो, कारण नोंदवणाऱ्यानं स्वतःचाच बग पक्का करायचा नाही असा इथला रिवाज आहे, दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर करून बघावं लागतं. तो दुसरा माणूस म्हणजे तुम्ही.

कसं करायचं ते एका उदाहरणानं सांगतो. समजा रिपोर्ट असा आहे की कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्राम) दोन सेल एकत्र केल्यावर आणि मग फाइल एक्सेलच्या फॉर्मॅटमध्ये सेव्ह करून पुन्हा उघडल्यावर खालची बॉर्डर गायब होते. आधी पूर्ण रिपोर्ट वाचायचा, खालच्या कॉमेंटसकट. मग त्यानं दिलेल्या पायऱ्या अक्षरशः तशाच करायच्या, मधे आपली अक्कल लावायची नाही, त्यानं माउसनं केलंय तर माउसनंच. आधी तुमच्या नेहमीच्या व्हर्जनमध्ये, मग डेली बिल्डमध्ये. झालं तसं? मग हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करून पुन्हा एकदा बघा, कारण बऱ्याचदा दोष प्रोग्रामचा नसतो, त्या माणसाच्या बिघडलेल्या प्रोफाइलचा (साठवलेल्या सेटिंगचा) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (वरून जोडलेल्या भागाचा) असतो. आणि वेळ असेल तर एखादं जुनं व्हर्जन टाकून बघा की तिथंही होतं का. जुन्यात नीट चालत होतं आणि नव्यात मोडलं असं निघालं तर त्याला रिग्रेशन म्हणतात आणि डेव्हलपरसाठी ही माहिती सोन्यासारखी असते, कारण मग नेमका कुठल्या बदलानं मोडलं ते शोधून काढता येतं.

मग कॉमेंट लिहायची, ती इंग्रजीत लिहावी लागते पण साधी मोडकी चालते, व्याकरणाला कुणी हसत नाही. हेल्पमधल्या अबाउट खिडकीत व्हर्जनची माहिती कॉपी करायचं बटण आहे, ते दाबून सगळं जसंच्या तसं चिकटवायचं, व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, लोकेल (भाषा-देशाची सेटिंग). वर एक ओळ, की दिलेल्या पायऱ्यांनी मला हे दिसलं, किंवा दिसलं नाही. दिसलं तर स्टेटस 'न्यू'. पायऱ्याच नीट नसतील किंवा फाइल जोडलेली नसेल तर ती मागायची आणि स्टेटस 'नीड-इन्फो'. आधीच कुणीतरी नोंदवलेला सापडला तर 'डुप्लिकेट' अशी खूण करायची.

माझा स्वतःचा पहिला रिपोर्ट 'नीड-इन्फो'त गेला होता. मी लिहिलं होतं की मोठ्या मराठी फाइलमध्ये तक्ता पुढच्या पानावर नीट जात नाही, आणि फाइल जोडलीच नव्हती, कारण ती ऑफिसची होती. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसानं शांतपणे विचारलं, नमुना फाइल मिळेल का. मग मी बसलो आणि त्या चाळीस पानी फाइलमधलं एकेक पान उडवत गेलो, दरवेळी बघायचं की अजून होतंय का, होत होत शेवटी अर्ध्या पानाचा एक तक्ता उरला आणि त्यातल्या एका ओळीला 'ओळ पानावर तुटू देऊ नका' असं सेटिंग होतं, ते काढलं की सगळं ठीक. म्हणजे बग नव्हताच. पण त्या दोन तासांत मी जे शिकलो ते आजपर्यंत कामी येतंय: फाइल जितकी लहान, तितकं उत्तर लवकर.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बगझिलावर जोडलेली फाइल जगाला दिसते. सातबारा, पगारपत्रक, विद्यार्थ्यांची यादी, आधार नंबर असलेला तक्ता असं काहीही तिथं टाकायचं नाही. नावं बदला, नंबर बदला. पण मराठी फाइल असेल तर सगळी अक्षरं सरसकट 'क' करून टाकू नका, कारण बग जर जोडाक्षराचा असेल तर तोच त्यातून निघून जातो. हातानं बसून बदला, थोडा वेळ लागतो.

मराठी माणसालाच दिसतील असे बग

आता ज्या कामात आपली खरी गरज आहे ते. जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या टेस्टरला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक दिसणारच नाही, त्याला दोन्ही चित्रंच. आपल्याला दिसतो. त्यातून हा अर्धा र दोन पद्धतीनं टाइप होतो, कुणी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं करतं, कुणी साधा र, हलन्त, मधे एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, आत मात्र वेगळे कोड असतात. म्हणून शोधा-बदला, वर्णानुक्रम, स्पेलचेक असलं काही तपासताना शब्द कसा टाइप केला तेही रिपोर्टमध्ये लिहायला हवं, नुसतं 'शब्द सापडत नाही' लिहून समोरच्याला काही कळणार नाही.

तपासून बघण्यासारख्या जागा सांगतो: कर्सर जोडाक्षराच्या मधे अडकतो का, बॅकस्पेस दाबल्यावर पूर्ण अक्षर जातं की फक्त मात्रा, पीडीएफ केल्यावर त्यातून मजकूर कॉपी केला तर वेलांट्या जागेवर राहतात का, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तुटतो, मराठी ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे. हे शेवटचं फॉन्टवरही अवलंबून असतं आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून लावली आहे का त्याच्यावरही, म्हणून आधी ते बघा. लिबरऑफिस ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे अक्षरं मांडायचं काम हार्फबझ नावाचं एकच इंजिन करतं, त्यामुळे एकच अक्षर एका सिस्टिमवर बरोबर आणि दुसरीकडे चूक असेल तर ते आवर्जून लिहा.

आणि जे बग नाहीत तेही ओळखायला शिका, नाहीतर तुमचा आणि दुसऱ्याचा वेळ जातो. दोन गोष्टी फार येतात. एक, जुन्या फाइली, शिवाजी किंवा कृतीदेवसारख्या युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या. तिथं आत मराठी नसतंच, रोमन अक्षरांना मराठी कपडे घातलेले असतात, फॉन्ट मशीनवर नसला की सगळा कचरा दिसतो. त्याला लिबरऑफिस काही करू शकत नाही, युनिकोडमध्ये बदलून घेणं एवढाच मार्ग. दुसरं, 'स्टाइलमध्ये फॉन्टचा साइज बदलला तरी मराठी मजकूर बदलत नाही'. याचं कारण असं की लिबरऑफिसमध्ये देवनागरी ही कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या गटात येते आणि त्या गटाचा फॉन्ट, साइज, भाषा हे सगळं पाश्चात्त्य मजकुरापेक्षा वेगळं साठवलेलं असतं. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर तो गट चालू करा, तिथं मराठी निवडा, मग स्टाइलच्या खिडकीत त्याचा वेगळा भाग दिसेल. ही एक गोष्ट कुणाला समजावून सांगितलीत तरी ते कॉन्ट्रिब्युशनच आहे.

भाषांतर

हे काम वेबलेट नावाच्या साइटवर चालतं, फाउंडेशनचं स्वतःचं वेबलेट आहे. खातं काढा, मराठी निवडा, आणि आधी इंटरफेसचं काम घ्या, म्हणजे मेनू, बटणं, खिडक्या. हेल्पचा मजकूर प्रचंड आहे, त्यात नवीन माणूस बुडून जातो. आधीपासून काम करणाऱ्यांना एक निरोप टाका की मी आलोय, कुठून सुरू करू, म्हणजे एकाच वाक्यावर दोघं बसणार नाहीत. सुरुवातीला थेट बदलण्यापेक्षा सूचना म्हणून टाकणं बरं.

इंग्रजी वाक्यात टक्के किंवा डॉलरचं चिन्ह आणि पुढे आकडा किंवा मोठी अक्षरं दिसली तर ती जशीच्या तशी ठेवायची, तिथं चालू असताना फाइलचं नाव, संख्या असलं काहीतरी येणार असतं. एखाद्या अक्षराआधी अंडरस्कोअर किंवा लाटेसारखं चिन्ह असेल तर ते कीबोर्ड शॉर्टकटचं, मराठीत ते शब्दानंतर कंसात रोमन अक्षर देऊन ठेवायची पद्धत आहे. जुनी भाषांतरं बघा, लगेच लक्षात येईल.

पण खरी मजा आणि खरी अडचण पुढे आहे. 'नन' (None) हा एक साधा शब्द घ्या. इंग्रजीत एकदा लिहिला की सगळीकडे चालतो. मराठीत रंगाच्या यादीत आला तर 'कोणताही नाही', बॉर्डरच्या रेषेच्या यादीत 'कोणतीही नाही', चित्राच्या यादीत 'कोणतंही नाही'. वाक्य एकच, वापर चार ठिकाणी, आणि तुम्हाला एकच रकाना. म्हणून 'काही नाही' लिहायचं, सगळीकडे बसतं. तसंच 'न्यू'चं, नवा-नवी-नवं च्या भानगडीत न पडता 'नवीन'. असे लिंग न दाखवणारे शब्द हाताशी ठेवा. मग सामान्यरूप. 'या अमुकमध्ये बदल झाला' असं वाक्य आहे आणि अमुकच्या जागी काय येईल माहीत नाही. फोल्डर आलं तर 'फोल्डरमध्ये' ठीक, पण ओळ आली तर 'ओळमध्ये' असं कुणी मराठी माणूस बोलत नाही. तिथं वाक्यच फिरवायचं, 'बदल झाला: अमुक' असं, म्हणजे प्रत्यय लावायची वेळच येत नाही. आणि एकवचन-अनेकवचनाचे वेबलेट दोन वेगळे रकाने देतं, '१ ओळ निवडली' आणि '३ ओळी निवडल्या', दोन्ही भरा, एकात भरून दुसऱ्यात तेच चिकटवू नका.

शब्द कुठले निवडायचे यावर वाद होणारच. माझं मत स्पष्ट आहे, शेजारच्या टेबलावरची व्यक्ती जो शब्द तोंडानं बोलते तो. 'फाइल' हा फाइलच, 'संचिका' किंवा 'धारिका' लिहून बटण सापडेनासं करायचं नाही. पण 'ठळक', 'तिरपा', 'समास', 'ओळ', 'स्तंभ', 'छापा' हे शब्द लोकांच्या ओठांवर आहेत, ते सोडून 'बोल्ड' का लिहायचं? मात्र एकदा ठरलं की सगळीकडे तेच. एका मेनूत 'जतन करा' आणि दुसरीकडे 'साठवा' असं झालं की वापरणारा गोंधळतो. शब्दसूची बघा, नसेल तर स्वतःपुरती एक करून ठेवा आणि इतरांना दाखवा.

लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. त्याच्या आधीचे काही आठवडे नवीन वाक्यांचा ढीग येतो, तेव्हा रोज अर्धा तास दिलात तरी पुष्कळ.

कोडकडे जायचं असेल तर

बगझिलावर 'ईझी हॅक' अशी खूण केलेली कामं असतात, नवीन माणसासाठी मुद्दाम राखून ठेवलेली, सोपी-मध्यम-अवघड अशी पायरीही लिहिलेली असते. पूर्वी यातलं एक प्रसिद्ध काम होतं जर्मन कॉमेंट इंग्रजीत आणायचं, कारण स्टार डिव्हिजनच्या लोकांनी कोडमधल्या टिपा त्यांच्या भाषेत लिहून ठेवल्या होत्या आणि नंतर आलेल्यांनी वर्षानुवर्षं बसून त्या बदलल्या.

सोर्स (मूळ कोड) उतरवून बिल्ड करायला, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायला, लागणारा वेळ आधीच धरून चाला, साध्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड कित्येक तास चालतं आणि डिस्कवर भरपूर जीबी मोकळी लागते, रात्री लावून झोपा. नंतरची बिल्डं भराभर होतात, कारण बदललेलंच पुन्हा बनतं. लिनक्स असेल तर त्रास सगळ्यात कमी.

पॅच, म्हणजे तुम्ही कोडमध्ये केलेला बदल, गेरिटवर पाठवायचा, तिथं बदल तपासले जातात. त्याच्या आधी डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर एक परवान्याची मेल पाठवावी लागते, की माझं आतापर्यंतचं आणि पुढचं काम मोझिला पब्लिक लायसन्स २.० आणि एलजीपीएल ३ किंवा पुढचं, या दोन्हीखाली वापरता येईल. ही एकदाच. मग गेरिटवर आधी मशीन तुमचा पॅच वेगवेगळ्या सिस्टिमवर बिल्ड करून बघतं, नंतर माणूस वाचतो. सुधारणा सांगितल्या तर नवा पॅच टाकू नका, त्याच कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, चर्चा एकाच जागी राहते. कमिटच्या पहिल्या ओळीत बगचा नंबर आणि काय बदललं ते थोडक्यात.

आपल्याकडच्या मुलांची एक सवय मला बदललेली बघायचीय. 'सर, प्लीज हा बग मला असाइन करा' अशी कॉमेंट टाकून उत्तराची वाट बघत बसतात. इथं कुणी सर नाही, पहिल्या नावानं बोलतात, आणि परवानगी मागायची गरज नाही, कुणी करत नसेल तर सुरू करा, खरंच हात घातलात की स्वतःला असाइन करून घ्या आणि जमलं नाही तर सोडून द्या म्हणजे दुसऱ्याला घेता येईल. गूगल समर ऑफ कोडसाठी (नवख्यांना ओपन सोर्सचं काम देणारा गूगलचा कार्यक्रम) येणाऱ्यांनाही हेच सांगेन, अर्जाच्या आधी दोन-तीन ईझी हॅक पूर्ण केलेले असले तर तिथली माणसं तुम्हाला ओळखतात, नुसत्या सुंदर प्रपोजलवर कुणी भुलत नाही. आणि आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक नम्र आठवण टाका, पलीकडचा माणूसही बऱ्याचदा नोकरी सांभाळून रात्री हे करत असतो.

तीन महिन्यांनंतर अर्ज

पहिल्या दिवसापासून एक वही किंवा साधी कॅल्कची शीट ठेवा: तारीख, काय केलं, लिंक. मी आठवड्याला चार बग तपासायचे आणि रविवारी तासभर भाषांतर एवढंच ठरवलं होतं, परीक्षेच्या सीझनला तेही निम्म्यावर यायचं, तरी तीन महिन्यांनी शीट भरलेली होती. अर्जाच्या वेळी त्यातूनच उचलायचं.

अर्ज ऑनलाइन फॉर्मवर करायचा आणि तो मेंबरशिप कमिटीकडे जातो. ही कमिटी सुद्धा सभासदांनीच निवडलेली असते. त्यांना तुम्ही ओळखीचे असालच असं नाही, म्हणून 'मी क्यूएमध्ये (म्हणजे तपासणीत) मदत करतो' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या कुठल्या बगवर काम केलं त्याचे नंबर, वेबलेटवरचं तुमचं खातं, पॅच असतील तर त्यांच्या लिंक, लोकांना प्रश्नोत्तरांत मदत केली असेल तर ती, असं ठोस लिहा. बगझिला, वेबलेट, गेरिट सगळीकडे एकच नाव आणि एकच ईमेल वापरलेला असेल तर त्यांना तपासणं सोपं जातं, म्हणून हे सुरुवातीलाच जमवून ठेवा, मी नव्हतं ठेवलं आणि मला प्रत्येक खातं माझंच आहे हे समजावून सांगावं लागलं. तुमचं काम पाहिलेला एखादा जुना सभासद असेल तर त्याचंही नाव द्या. सभासद झालात की संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं, मंडळावर सात जण असतात आणि मुदत दोन वर्षांची. मतदानाची मेल अर्जात दिलेल्या ईमेलवरच येते, तेव्हा कॉलेजचा किंवा ऑफिसचा, उद्या बंद होऊ शकेल असा पत्ता तिथं टाकू नका.